ठिपका टेकवणारे मानाजीराव

“चष्मा घाला, विमलाबाई, आणि घर पुढें येतें कां एवढेंच सांगा,” असं म्हणून मानाजीरावांनी तो काळ्या काचांचा चष्मा माझ्या हातात कोंबला. माझा दुसरा हात चटणीनं बरबटला होता. पाहुण्यांसाठी मागवलेल्या वड्यांबरोबरची पिशवी नेमकी माझ्याच हातात फुटली होती आणि साडीच्या निऱ्यांवर खोबऱ्याचे डाग पडले होते. अकरा वाजता काम बघून पुढचा पैसा ठरवायला दिल्लीची समिती यायची होती, दहा वाजून गेले होते, खुर्च्या लागल्या नव्हत्या, आणि यांना माझ्याकडून घर बघून घ्यायचं होतं.

मी माझ्या चष्म्यावरच तो चष्मा चढवला. समोर भिंतीएवढा पडदा, त्यावर जुळणी तपासायचं नेहमीचं चित्र. एक पांढरं घर आणि त्याच्या मागे चौकटी आखलेली भिंत, इतकंच. मला त्या खोलीत नेहमीच गरगरायचं म्हणून मी तो चष्मा घालायचं टाळत असे. घातला तसं काहीतरी अंगावर आल्यासारखं वाटलं. येतंय, येतंय, म्हटलं आणि चष्मा काढला.

“घरच ना?” त्यांनी विचारलं.

“अहो, घरच की. दुसरं काय येणार आहे तिथं?” मी फणकारले आणि साडी धुवायला बाथरूमकडे गेले.

ही गोष्ट २००६ च्या एप्रिलमधली. मी फटकळ आहे हे सगळ्या विद्यापीठाला माहीत होतं. आमचे हे रेल्वेत, तांबरमला क्वार्टर्स, आणि मी विद्यापीठात टायपिस्ट. मिरजेहून चेन्नईला येऊन मला पंचवीस वर्षं झाली होती. सगळे मला विमलाम्मा म्हणायचे, एकटे मानाजीराव विमलाबाई म्हणायचे. ते तंजावरकडचे मराठे. चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात त्यांच्या तीन पिढ्या गेल्या होत्या, तरी घरात मराठी होती. ती मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसूच फुटलं होतं. हा माणूस बखरीतून उठून थेट कामावर आला की काय! ते काही रागावले नाहीत. ‘आमचें बोलणें जुनें, तुमचें नवें, पण भांडण होईपर्यंत दोन्ही चालतें,’ असं म्हणाले होते, आणि मग वीस वर्षं आमचं भांडण झालं नाही.

आमची लॅब म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मोठ्या खोलीत तो पडदा. छताला दोन प्रोजेक्टर. एक डाव्या डोळ्याचं चित्र टाकणार, दुसरा उजव्याचं. दोन्हीच्या तोंडावर एकेक काळसर काच आणि चष्म्यातही तसल्याच काचा, त्यामुळे ज्याचं चित्र त्याच डोळ्यात जातं. मग डोकं ती दोन चित्रं जुळवतं आणि सपाट पडद्यावरचं गाव उभं राहतं. त्यातून माणसानं चालत जावं असं वाटतं. हे सगळं मला कौमुदीनं समजावलं होतं. कौमुदी नांदेडची, सव्वीस वर्षांची, प्रोजेक्टवर रिसर्च फेलो. पडद्यावरचं गाव उभं करणारा प्रोग्राम तिचा.

पण त्या गावातल्या जमिनीची उंची मानाजीरावांची. तेच खरं काम, आणि ते चालायचं लहान खोलीत. त्सुनामी येऊन गेल्यावर सरकारला कळायला हवं होतं की किनाऱ्यावर कुठली जमीन किती उंच आहे, म्हणजे पुढच्या वेळी पाणी कुठवर शिरेल ते आधी सांगता येईल. विमानातून काढलेले फोटो आले. मानाजीराव चष्मा घालून त्या फोटोंसमोर बसायचे. फोटोतली घरं, होड्या, वाळूचे उंचवटे त्यांच्यापुढे उभे राहायचे, आणि त्या सगळ्याच्या वर हवेत एक उजळ ठिपका तरंगायचा. हाताशी एक चाक होतं, ते फिरवलं की ठिपका खाली उतरायचा. तो जमिनीला टेकला रे टेकला की पायानं पेडल दाबायचं आणि त्या जागेची उंची नोंदली जायची. असं दिवसातून हजार-हजार वेळा. ठिपका हातभर वर राहिला तर नकाशात जमीन तेवढी उंच दिसणार, आणि तिथल्या लोकांना कुणी हलायला सांगणार नाही.

हे काम प्रत्येकाला जमत नाही. मानाजीराव चोविसाव्या वर्षी शिपाई म्हणून लागले होते. तेव्हा हे कॉम्प्युटर नव्हते, आरशांचं एक यंत्र होतं. एका सरांनी गंमत म्हणून त्यांना त्यात बघायला लावलं, तर या शिपायानं टेकडीची उंची सांगितली, आणि वर्गातल्या कुणापेक्षाही ती जवळची निघाली. तेव्हापासून त्यांची खुर्ची बदलली. चौतीस वर्षं त्यांनी ठिपका टेकवला. आमचे प्रोफेसर सेतुरामन मोठे झाले ते यांच्या आकड्यांवर, असं ते स्वतःच म्हणायचे. मानाजींचा ठिपका टेकला म्हणजे टेकला, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

मोठ्या खोलीचंही तसंच. रोज सकाळी मानाजीराव दोन्ही प्रोजेक्टर जुळवायचे, मध्यभागी उभे राहून चष्मा घालायचे आणि ‘सरि’ म्हणायचे. बरोबर आहे, झालं, असा त्याचा अर्थ. त्यांनी ‘सरि’ म्हटलं की पुन्हा कुणी तपासत नसे. त्या काळसर काचांपैकी डावी कुठली आणि उजवी कुठली हेसुद्धा कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं. मानाजीराव असताना लिहायचं कशाला?

आता जे मला एकटीला माहीत होतं ते सांगते. लॅबमधली फिल्टर कॉफी मानाजीराव करायचे. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी हातभर उंचीवरून ओतायचे आणि एक थेंब सांडत नसत. दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की आता ते वाटीची कड आधी पेल्याला टेकवतात आणि मगच ओततात. आधी मी चेष्टा केली, म्हातारपण आलं म्हणून. मग एकदा त्यांनी टेबलावर ठेवायला म्हणून पेला सोडला तो टेबलाच्या चार बोटं अलीकडे. तेव्हा मात्र मी त्यांना जिन्यात गाठलं आणि काय आहे ते सांगा म्हणून हट्ट धरला.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले तर डाव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं होतं. साखर होतीच. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागची शीर बंद झाली, आता परत दिसणार नाही. घरी बायकोला, सुंदरीला तेवढं माहीत. लॅबमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. एका डोळ्यानं माणूस वाचू शकतो, बसचा नंबर बघू शकतो, पण पुढे काय आणि मागे काय हे त्या चष्म्यातून कळायला दोन डोळे लागतात, हे तर मलासुद्धा माहीत होतं. मी विचारलं, मग ठिपका?

“चौतीस वर्षें केलें, बाई. कोठें टेकतें तें हाताला ठाऊक आहे,” ते म्हणाले.

जूनअखेर त्यांना अठ्ठावन्न पुरी होऊन ते निवृत्त होणार होते. सांगितलं असतं तर परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला पाठवलं असतं. चौतीस वर्षं ज्याच्या डोळ्याचं नाव घेतलं त्यानं शेवटचे महिने सुतळ्या बांधत काढायचे? मला वाईट वाटलं. झाकली मूठ राहू दे म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय. मी, जी शेजारणीच्या सांबारात मीठ कमी पडलं तरी सांगून मोकळी होते, ती या बाबतीत चार-पाच महिने तोंडाला कुलूप लावून बसले. ते मी दयेनं केलं असं तेव्हा मला वाटत होतं.

तर समितीच्या दिवशी सकाळी एका प्रोजेक्टरचा दिवा उडाला. मानाजीरावांनी नवा घातला. ते करताना दोन्ही काळसर काचा काढल्या, पुसल्या, परत बसवल्या. कौमुदी असती तर तिनं एकदा बघितलं असतं. पण अख्ख्या लॅबमध्ये धड हिंदी बोलणारी ती एकटीच, म्हणून प्रोफेसरांनी तिला विद्यापीठाच्या गाडीतून विमानतळावर पाठवलं होतं. आणि म्हणून मानाजीरावांनी चष्मा माझ्या हातात कोंबला होता.

समितीत चौघं होते, तीन पुरुष आणि देहरादूनच्या एक बाई. हार-तुरे झाले. सगळ्यांनी चष्मे घातले, दिवे मालवले आणि कौमुदीनं आपलं गाव सुरू केलं. आमचाच किनारा होता तो, मरीनापासून वर एन्नूरपर्यंत. इथून पाणी एकेक मीटर चढत जाणार आणि कुठली वस्ती केव्हा बुडते ते दिसणार, असं ती इंग्रजीत सांगत होती. मी दाराशी उभी होते, चष्मा न घालता. मला नेहमीसारखं दुहेरी, अस्पष्ट चित्र दिसत होतं.

थोड्या वेळानं पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. देहरादूनच्या बाईंनी चष्मा काढला, कपाळ धरलं आणि खुर्चीवर बसल्या. सगळ्यांत वयस्कर होते त्यांनी कौमुदीला हिंदीत अगदी सौम्यपणे विचारलं, की मुली, तुमच्याकडे समुद्र गावाच्या वर असतो का? घरं त्यांना खड्ड्यांसारखी दिसत होती. देवळाचं गोपुर जमिनीत खोल गेलं होतं, विहिरीसारखं. बाकीचे हसले. कौमुदीनं स्वतःचा चष्मा चढवला. आपल्या प्रोग्राममध्येच काही उलटं झालं असं समजून तिनं घाईघाईनं काहीतरी बदललं, त्यानं आणखी बिघडलं आणि पडदा काळा झाला.

हे तपासलं नव्हतं का, असं एकानं विचारलं. प्रोफेसर म्हणाले, आमचे मानाजी रोज स्वतः तपासतात, तिकडे चूक होणं शक्य नाही. मानाजीराव प्रोजेक्टरच्या खाली उभे होते. त्यांनी नुसती मान खाली घातली.

मला त्याच क्षणी कळलं. सकाळी माझ्या अंगावर आलं होतं ते घर नव्हतं. मागची भिंत पुढे आली होती आणि घर तिच्या आत शिरलं होतं. चित्र आठवून बघितलं तर अगदी स्पष्ट आठवत होतं. काचांची अदलाबदल झाली होती, डाव्याचं उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला, म्हणून जवळचं लांब आणि लांबचं जवळ. मला एक शब्द बोलायचा होता, आणि मी साडीच्या डागापायी तो धड बघून बोलले नाही.

पाहुण्यांनी वडे खाल्ले, कॉफी घेतली आणि दोनच्या आत निघून गेले. जाताना त्या वयस्कर गृहस्थांनी प्रोफेसरांचा हात बराच वेळ हातात धरला. अशा वेळी माणसं जास्त प्रेमळ होतात, त्यावरूनच काय ते समजायचं.

मग प्रोफेसरांनी कौमुदीला आत बोलावलं. दार उघडंच होतं. वर्षभराचं काम एका चुकीनं तू समुद्रात घातलंस, असं ते इंग्रजीत म्हणत होते. तिची फेलोशिप मे महिन्यात संपत होती आणि वाढीच्या अर्जावर मी सही करणार नाही, असंही म्हणाले. ती बाहेर आली ती रडली नाही. माझ्या टेबलाशी येऊन तिनं कोरा कागद मागितला. मैत्रीण सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिथं जागा आहेत, म्हणाली. मग एकदम म्हणाली, “काकू, काल संध्याकाळी सगळं बरोबर होतं. मी स्वतः बघितलं होतं. मला वेड लागलंय का?”

मी तिला कागद दिला. दुसरं काही दिलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं हे मला त्या दुपारी कळलं.

मानाजीराव मोठ्या खोलीतून आले. बराच वेळ ते आत एकटेच होते. त्यांनी माझ्या टेबलाच्या कडेला हात लावला, कड सापडल्यावर ते पुढे झाले आणि हळूच विचारलं, “बाई, सकाळीं काय पुढें आलें होतें?”

“मला नाही आठवत,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मान थोडी डावीकडे वळवून, उजवा डोळा माझ्यावर येईल अशी. मग ‘सरि’ म्हणाले आणि प्रोफेसरांच्या खोलीकडे वळले. मी एक फाइल उचलली आणि मागोमाग जाऊन दाराशी उभी राहिले. कुणी विचारलं तर सही हवी होती म्हणून सांगायचं, इतका हिशेब त्याही वेळी माझ्या डोक्यात होता. आजही त्याची लाज वाटते.

आत ते तमिळमध्ये बोलत होते. त्या मुलीचा प्रोग्राम बरोबर आहे, मी काचा उलट्या बसवल्या, असं त्यांनी सांगितलं. प्रोफेसरांना वाटलं, ते मुलीला वाचवायला बघतायत. ते थोडं हसून म्हणाले, उलट्या बसल्या असत्या तर तुम्हांला पहिल्याच क्षणी दिसलं असतं, मानाजी.

“दिसलं नाही, सार. मला एकच डोळा आहे.”

प्रोफेसरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, सकाळी दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं का?

“नाही. मी एकट्यानं बघितलं.”

मी फाइल घेऊन उभी होते. दारापासून त्यांच्या टेबलापर्यंत सहा पावलं. ती मला टाकता आली असती. मी टाकली नाहीत. ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

यापुढचं जे झालं ते मला फार लागलं. प्रोफेसर सेतुरामन वाईट माणूस नव्हते. त्यांना काय विचारायचंय हे त्यांच्या आधी मला कळलं. किनाऱ्याचे एकशे तीस तक्ते मानाजीरावांनी वाचले होते. डोळा कधी गेला, त्यावर त्यातले किती खरे धरायचे ते ठरणार होतं. प्रोफेसरांनी प्रश्न विचारला तो उत्तरासकट विचारला. आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, “हे आत्ताचंच असेल ना, मानाजी? आठवडाभरातलं?”

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. शेवटचे तक्ते मार्चमध्येच संपले होते. डॉक्टरांचा कागद कुणी मागितला नसता. दोन महिन्यांनी हार घालून, शाल देऊन, मानाजींचा ठिपका म्हणजे टेकलाच असं म्हणत सगळ्यांनी त्यांना खाली गाडीपर्यंत सोडलं असतं. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा हो.

“आयुधपूजेपासून,” मानाजीराव म्हणाले. “त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. एक्केचाळीस तक्ते आहेत. नंबर मला पाठ आहेत, सांगतो.”

आणि त्यांनी सांगितले. प्रोफेसर लिहून घेत होते. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला.

कौमुदीनं तो कागद मला परत आणून दिला, कोराच. तिला वाढ मिळाली. ते एक्केचाळीस तक्ते तिनं आणि बाहेरून बोलावलेल्या एका माणसानं पुन्हा वाचले. जिथं रस्ते होते, घरं होती, तिथं मानाजीरावांचे आकडे केसभर इकडचे तिकडे नव्हते. हाताला ठाऊक होतं ते काही खोटं नव्हतं. पण जिथं नुसती वाळू होती, कोळ्यांच्या झोपड्या आणि मागे मोकळं रान, एका डोळ्याला धरायला काही खूण नव्हती, तिथं ठिपका पुरुषभर हवेत लटकत राहिला होता. नेमकी पाणी सगळ्यांत आधी येणारी जमीन नकाशात उंच झाली होती. कौमुदीनं हे मला जेवताना सांगितलं आणि डबा बंद केला. कुणाचं काय बिघडतंय, असं मी त्या जिन्यात म्हटलं होतं.

मानाजीरावांना परीक्षा विभागात पाठवलं नाही. प्रोफेसरांनी त्यांना मागच्या स्टोअरमध्ये एक खुर्ची दिली, जुनी यंत्रं मोडीत काढायच्या आधी त्यांची यादी करायला. त्यात ते आरशांचं यंत्रही होतं. ते रोज साडेनऊला यायचे, साडेपाचला जायचे. मोठ्या खोलीत त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. कॉफी आता मशीनची आली. प्रोजेक्टरच्या काचांवर कौमुदीनं पांढऱ्या रंगानं खुणा केल्या. निरोपाचा समारंभ नको, असं त्यांनी स्वतःच लिहून दिलं. वाईट याचं वाटलं की फार कुणी आग्रहही केला नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी अंतिम अहवाल टाइप करत होते. मागे परिशिष्टात सगळ्या तक्त्यांची यादी होती. तक्त्याचा नंबर, तारीख, वाचणाऱ्याचं नाव, शेरा. पहिल्या एकोणनव्वद तक्त्यांपुढे मानाजीरावांचं नाव होतं. उरलेल्या एक्केचाळिसांची वेगळी यादी करायची होती, शेरा ‘रद्द’, आणि प्रोफेसरांनी मुद्दाम येऊन सांगितलं होतं की त्यात नावाचा रकाना रिकामा सोडा. त्यांनी ते चांगुलपणानंच सांगितलं होतं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी मानाजीराव स्टोअरची यादी टाइप करायला घेऊन आले. माझ्या पडद्याकडे वाकून पाहिलं. बराच वेळ त्यांनी तो रिकामा रकाना वाचला.

“नांव घाला,” ते म्हणाले.

मी सांगितलं, प्रोफेसरांनी नको म्हटलंय, आणि तुमच्या भल्यासाठीच म्हटलंय. हा अहवाल दिल्लीला जाणार, छापला जाणार, कशाला उगाच.

“चांगल्या तक्त्यांपुढें माझें नांव आहे. मग यांच्यापुढेंही माझेंच पाहिजे, बाई. नाहीं तर वाचणाऱ्याला वाटेल, दुसऱ्या कोणी बिघडविलें.” मग म्हणाले, “प्रोफेसरांना मी सांगेन.”

ते समोरच्या खुर्चीवर बसले. कॉम्प्युटरवर एकदा लिहून खाली चिकटवत जाता येतं, तेवढं मलाही येत होतं. पण मी तसं केलं नाही. एकेक ओळ घेतली आणि पुरं नाव टाइप केलं. ते ऐकत होते. दिवसभर एकट्यानं बघून त्यांचा उजवा डोळा दुखायचा, म्हणून त्यांनी त्यावर तळहात ठेवला होता. डावा उघडा होता, माझ्याकडे वळलेला.

“कितीं झालीं?” त्यांनी विचारलं.

तेवीस झाली होती. मी सांगितलं. आणि मग माझे हात थांबले. खिडकीबाहेर रखरखीत ऊन होतं, लॅबमध्ये कुणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते. उद्यानंतर हा माणूस इथं येणार नव्हता. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी बोलून टाकलं.

“मानाजीराव, त्या दिवशी सकाळी भिंत पुढं आली होती. घर नव्हे. मी नीट बघितलंच नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले.”

त्यांनी तळहात काढला नाही.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “चोविसावें घाला.”

मी चोविसावं घातलं.